अनूचं नाव कुठं लिहायचं?

मंदावहिनी गेली तेव्हा तिची लेक नऊ दिवसांची होती. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नावही नव्हतं. गल्लीतली माणसं तिला ‘मंदीची पोरगी’ म्हणत. जी बाई या जगात उरलेली नाही तिच्याच नावानं हे लेकरू ओळखलं जातं, हे मला सहन होत नव्हतं. एका सकाळी तिला पाण्यानं पुसता पुसता मीच तिला अनू म्हणायला लागले. कुणी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला लोकांना तिच्याकडे बघावं लागलं असतं, आणि बघितलं की काहीतरी करावं लागलं असतं.

आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. दोन खोल्या, वर पत्रे. ऊन चढायला लागलं की ते पत्रे कडकड वाजायचे. आमचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे, असं बाबा सांगत. माझ्या आठवणीत मात्र तीन शेळ्याच उरल्या होत्या, आणि आम्ही सगळे कपाशीच्या सीड प्लॉटवर मजुरीला जायचो. जालन्याच्या बियाणं कंपन्यांसाठी आमच्या भागात शेतकरी हे प्लॉट करतात. दिवस कलताना कळ्या सोलायच्या, त्यांवर लाल कागदाची टोपी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फूल आणून त्या कळीवर घासायचं. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. हे काम ऊन तापायच्या आतच व्हावं लागतं, नाहीतर फूल वाया जातं. म्हणून सकाळी सहाला प्लॉटचा ट्रॅक्टर चौकात येऊन भोंगा वाजवायचा, आणि माझी माय, दादा आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया डबे घेऊन पळायच्या. माझी दहावी होती, म्हणून मला फक्त रविवारी जावं लागे. ही सूटही वहिनीमुळेच. ती स्वतः आठवी करून घरी बसलेली. मायला ती म्हणायची, “रेखाला शाळा करू द्या मामी. तिच्या वाटच्या कळ्या मी सोलते.”

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा अठराची होती, दादा वीसचा. ती धपाटे करायला बसली की लसणाचा वास पार चौकात जायचा आणि दादा उगीच दहा वेळा आत येऊन पाणी प्यायचा. सात महिने भरेपर्यंत ती प्लॉटवर वाकून कळ्या सोलत होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण तिच्या माहेरची माणसं त्या वेळी दुसऱ्या तालुक्यात कामाला गेलेली, म्हणून ती आमच्याकडंच राहिली. बाळंतपण नीट झालं. सातव्या दिवशी तिला थंडी भरून ताप आला. माय म्हणाली, वारं लागलं. शेजारणी म्हणाल्या, वारं लागलं. दोन दिवस आम्ही तिला गोधड्या घालत बसलो. नवव्या दिवशी तिला ओळख पटेना, तेव्हा जीप बोलावली. जालना यायच्या आधीच दादानं जीप थांबवायला सांगितली. मी मागं बसले होते, लेकरू माझ्या मांडीवर होतं. दादानं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं. त्या दोन दिवसांसाठी मी आम्हाला आजही माफ केलेलं नाही. पण त्यानंतर जे झालं त्याची माफी मागायला तर कुणी आलंच नाही.

लेकराला दूध कुठलं द्यायचं हा पहिल्याच दिवसाचा प्रश्न होता. मायनं शेळीचं दूध पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं पाजलं. तिसऱ्या दिवशी अनूला जुलाब लागले. दादा जालन्याहून दुधाच्या पावडरचा डबा घेऊन आला, पण एवढ्या लांबून दर आठवड्याला डबा आणणं त्याला जमणार नव्हतं, हे आम्हाला दिसत होतं. तेव्हा पलीकडच्या घरातली नसीमभाभी स्वतःहून आली. तिचं पोरगं चार महिन्यांचं होतं. ती काही न विचारता आत आली, भिंतीला टेकून बसली आणि हात पुढं केले.

“दे इकडं. बच्ची रडून राह्यली आन् तुमी काय बघत बसले?”

माय चाचरली. “भाभी, तुमचं पोरगं उपाशी राहील.”

“त्याला बी पाजते, हिला बी पाजते. दूध काय मोजून येतं काय? मला फक्त एक भाकर ज्यादा दे.”

मायनं तिला रोज बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी नेऊन दिली, बाळंतिणीला देतात तशी. पण नसीमभाभीही प्लॉटवर जायची. सकाळी सहाच्या आत एकदा आणि दुपारी परत आल्यावर एकदा, एवढंच तिला शक्य होतं. मधले आठ तास अनू माझ्याजवळ, डब्यातली पावडर पुरवून पुरवून पाजत. ते असं ठरलं की ठरवलं असंही कुणाला वाटलं नाही. एके दिवशी मी दप्तर भरलं तेव्हा माय म्हणाली, “रेखे, परीक्षा काय पुढल्या साली बी देता येती. लेकराला पुढलं साल कुठून आणू?” तिचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. मी दप्तर खुंटीला अडकवलं.

अंगणवाडी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. सकाळी पोरांचा पाढ्यांचा गलका आणि खिचडीचा वास दोन्ही आमच्या दारात येत. तिथल्या सेविका विजयाबाई वहिनीला गरोदरपणी दर महिन्याला खाऊची पाकिटं द्यायच्या, वजन करायच्या, रागवायच्याही. वहिनीच्या दहाव्याला त्या आल्या, रडल्या. पुढच्या महिन्यात पाकिटं वाटायच्या दिवशी मी अनूला घेऊन रांगेत उभी राहिले. विजयाबाईंनी रजिस्टर उघडलं, वहिनीच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हे नाव कमी झालं गं रेखा.”

“मंग हिचं लिहा.”

“हिचं लिहिता येत न्हाई. सहा महिने व्हायला लागतात.”

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. म्हणून मी पुन्हा विचारलं, आणि त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं. सहा महिन्यांपर्यंत लेकरू आईचं दूध पितं, म्हणून त्याच्या नावानं काही येत नाही, जे येतं ते दूध पाजणाऱ्या आईच्या नावानं. आता आई नाही, म्हणून आईच्या नावानं येणारं बंद. म्हणजे ज्या लेकराला आई आहे त्याला मदत होती, आणि ज्याची आईच गेली त्याला सहा महिने काहीही नव्हतं. ज्यांनी हा नियम केला ते शिकलेले असणार. त्यांच्यापैकी एकालाही बाळंतपणात बाई मरते हे माहीत नव्हतं काय? की माहीत होतं, पण मेलेल्या बाईच्या मागं काय उरतं हे लिहायला त्यांच्याकडे जागा नव्हती? परवा आमच्या गावातली एक आजी मला सांगत होती की आता रजिस्टर गेलं, मोबाईल आला, आणि आता आईचा चेहरा मोबाईलसमोर धरल्याशिवाय पाकीट मिळत नाही. तिची सून पळसखेड्याच्या रस्त्यावर अपघातात गेली होती. आजीनं मला विचारलं, “चेहरा कुठून आणू माय?” मला त्या क्षणी पंधरा वर्षांची होऊन ओरडावंसं वाटलं.

अनू दोन महिन्यांची झाली तेव्हा सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. त्यांनी अनूला काट्यात घातलं, वजन बघून ओठ आवळले आणि विजयाबाईंना झापलं, की केंद्राचा आकडा खराब दिसतो. मग मला विचारलं, “आई कुठंय हिची?” मी सांगितलं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, हे मी नाकारत नाही. पण लगेच त्या म्हणाल्या, “वडील तरुण असतील ना? मग लवकर दुसरं लग्न करायला सांगा. लेकराची सोय होईल.” आणि त्या जीपमध्ये बसून गेल्या. सरकारी गाडीतून शिकलेली बाई आली, आणि उपाय कुठला सांगून गेली, तर एक बाई आणा.

ती सोय आठवड्याभरात दारात आलीच. वहिनीचे वडील आणि चुलते आले. सोबत वहिनीची धाकटी बहीण सुनीता होती, भाचीला बघायला म्हणून आणलेली. सुनीता माझ्याच वयाची, नववीत. बाहेरच्या खोलीत पुरुष बसले आणि मी आणि सुनीता आत चुलीपाशी. भिंत पत्र्याची, सगळं ऐकू येत होतं. वहिनीचे चुलते म्हणाले, “लेकराला मावशी म्हंजे मायच. आमची सुनी बराबर सांभाळील. बाहेरची आणली तर ती या लेकराला बघणार हाय का?” मायनं डोळे पुसले आणि म्हणाली, “देवच पावला म्हणायचं.”

इथं मला एक गोष्ट लिहायलाच हवी. ते ऐकून मला आनंद झाला. सुनीता आली की मी सुटणार, दहावीचा फॉर्म भरायला अजून वेळ आहे, हे माझ्या डोक्यात आधी आलं. सुनीताचं काय, हे नंतर आलं. आणि तेही माझं मला नाही आलं. सुनीतानं अनूला मांडीवर घेतलं होतं, तिच्या टाळूवरून हात फिरवत होती, आणि अगदी हळू म्हणाली, “रेखा, मला हिला सांभाळायला आवडंल गं. पण दाजी माझे दाजी हायत. मी दाजीला राखी बांधली होती गेल्या साली. मला त्यांच्याशी लगीन न्हाई करायचं.”

“मंग सांग ना बाहेर जाऊन.”

“कुणाला सांगू? बाहेर माझे बाप बसले.”

मी तिच्या मांडीवरून अनूला उचललं आणि मागच्या दारानं निघाले. अंगणवाडीत विजयाबाई महिन्याचा अहवाल भरत बसल्या होत्या. समोर ते मोठं रजिस्टर उघडं होतं. मी अनूला त्या उघड्या पानावर ठेवलं. ती एवढी लहान होती की एका पानात मावली.

“हिला कुठल्या रकान्यात बसवता ते सांगा मला,” मी ओरडले. “गरोदर, दूध पाजणारी, सहा महिन्याचं, तीन वर्साचं. कुठं लिहिता? तुमच्या रजिस्टरात हिला जागा न्हाई म्हणून माझी शाळा गेली. आता सुनीताचं लगीन लावून राह्यले. आमच्या दोघींपैकी एक कापली म्हणजे तुमचा आकडा सुधारतो का?”

मी अजून बरंच बोलले. काय बोलले ते आठवत नाही. विजयाबाईंनी आधी दारं लावून घेतली, मग अनूला उचलून खांद्यावर घेतलं. त्या घाबरट बाई होत्या. त्यांचा नवरा आजारी असायचा, नोकरी हाच त्यांचा आधार, आणि मॅडमची जीप दिसली की त्या रजिस्टर पुन्हा पुन्हा उघडून बघायच्या. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला. “सुनीताचं वय काय?” मी म्हटलं, माझंच. त्या उठल्या, पायात चप्पल घालायचंही विसरल्या आणि अनूला घेऊन माझ्यापुढं चालायला लागल्या.

आमच्या बैठकीत कधी बाई उभी राहून बोललेली मी पाहिली नव्हती. विजयाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. “पोरगी पंधराची हाय,” त्या म्हणाल्या. “हे लगीन लागलं तर मी वर सरकारला लिहून देणार. माझ्या गावात हाय, मला लिहावंच लागंल.”

वहिनीचे चुलते ताडकन म्हणाले, “बाई, हे घरचं हाय. तुमी खिचडी शिजवा.”

“खिचडी बी शिजवते. पण हे घरचं न्हाई राह्यलं.”

“मंग लेकराला तुमी सांभाळा.”

विजयाबाईंच्या खांद्यावर अनू होती. सगळे त्यांच्याकडं बघत होते, आणि मला वाटलं आता या मागं सरणार. त्या म्हणाल्या, “सांभाळते. सकाळी सात ते दुपारी दोन, अंगणवाडीत. झोळी बांधते. रेखा शाळेत जाईल.”

तेव्हा कोपऱ्यात बसलेला दादा पहिल्यांदा बोलला. “दोनच्या पुढं मी हाय,” तो म्हणाला. “संध्याकाळच्या कळ्या सोलायला मी जाणार न्हाई. फक्त सकाळी जातो.”

बाबा म्हणाले, “गड्यानं लेकरू सांभाळायचं?”

“माझंच हाय ना बाबा? दूध सोडून बाकी सगळं येतं मला.” मग तो सासऱ्यांकडं वळला. “सुनी माझी बहीण हाय. तिला तिच्या शाळेत घेऊन जा.”

वहिनीचे वडील उठले. ते वाईट माणूस नव्हते. एक लेक जाऊन दोन महिने झाले होते, तिची खूण असलेलं लेकरू परक्याच्या हातात जाईल ही त्यांना भीती होती, आणि त्या भीतीवर गावानं त्यांना एकच उपाय शिकवला होता. जाताना त्यांनी अनूच्या हातात एक बिस्किटाचा पुडा ठेवला. दोन महिन्यांच्या लेकराच्या हातात. तो लगेच खाली पडला.

दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीच्या खिडकीच्या गजाला आणि दाराच्या कडीला मिळून एक जुनं लुगडं बांधलं गेलं आणि त्यात अनू झोके घ्यायला लागली. नसीमभाभीनं चौथ्याच दिवशी आपलं पोरगंही तिथं आणून टाकलं. मग प्लॉटवरच्या इतर बायांना कळलं. त्यांची लेकरं तोवर बांधावर, कपाशीच्या सरीत, औषध मारलेल्या रानात झोपत. महिन्याभरात पाच झोळ्या झाल्या. एकट्या विजयाबाईंना आणि मदतनीसबाईंना ते झेपेना, म्हणून बायांनी आपसात पाळी लावली. रोज एक बाई कामावर जायची नाही, झोळ्या बघायची, आणि बाकीच्या तिच्या वाटच्या कळ्या करायच्या. प्लॉटवाला ओरडला, की एक बाई कमी का. नसीमभाभी त्याला म्हणाली, “शेठ, एक कमी चालंल का सगळ्याच कमी पायजे? सकाळ निघून गेली तर तुझं फूल कोण घासणार?” त्याला लगेच समजलं. सरकारला मात्र समजायला वेळ लागला.

पुढच्या तपासणीत मॅडमनी झोळ्या बघितल्या आणि विजयाबाईंना लेखी खुलासा मागितला. तीन वर्षांखालील मुलांना केंद्रात ठेवण्याची परवानगी कोणी दिली? लेकराला काही झालं तर जबाबदार कोण? हा दुसरा प्रश्न वाचून मी हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. लेकराला आधी काहीतरी होऊन गेलं होतं, तेव्हा हा कागद कुठं होता? मीच तो खुलासा लिहिला, माझ्या दहावीच्या मराठीत. बायांनी खाली अंगठे उठवले, दादानं सही केली. त्याला उत्तर आलं नाही. पण विजयाबाईंची झोप उडाली होती, म्हणून आम्ही झोळ्या अंगणवाडीतून काढल्या आणि नसीमभाभीच्या ओसरीत बांधल्या. विजयाबाई केंद्र सुटलं की तिथं येऊन बसत, रजिस्टर न घेता.

मी त्या वर्षी दहावी दिली. अनू तेव्हा बसायला लागली होती. दादा तिला तेल लावायचा, तिचे लंगोट ओढ्यावर धुवायचा, आणि सुरुवातीला बायामाणसं तोंडाला पदर लावून हसायची. मग हसायची थांबली, कारण तो थांबला नाही. अनू आज बारावीला आहे. माझ्यापेक्षा उंच आहे, आणि माझ्याएवढीच भांडखोर आहे. दादानं पुढं लग्न केलं, अनू सहा वर्षांची झाल्यावर, एका विधवा बाईशी, तिच्या मर्जीनं.

हा सगळा मजकूर इथं थांबवला असता तर मला बरं वाटलं असतं. पण मी बारावीला जालन्याला जात होते त्या वर्षी, भोकरदनच्या स्टँडवर मला सुनीता भेटली. आधी मी ओळखलंच नाही. अंगावर लुगडं, कडेवर तान्हं. आमच्याकडून परत गेल्यावर पुढच्याच हंगामात तिच्या वडिलांनी तिचं दुसरीकडं लग्न लावून दिलं होतं. आमच्या गावात विजयाबाई होत्या, तिच्या गावात कुणी उंबऱ्यात उभं राहिलं नाही. आम्ही आमच्या घरात ते लग्न होऊ दिलं नाही याचा मला केवढा अभिमान होता! ती आपल्या घरी सुखरूप शाळेत जात असेल, असं मी धरून चालले होते. विचारायलाही गेले नव्हते.

“अनू कशी हाय?” तिनं पहिलं हेच विचारलं.

मी सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, “तुमच्या घरी आले असते तर निदान ती तरी जवळ असती.” यात टोमणा नव्हता. तेच मला जास्त लागलं.

तिचं तान्हं रडायला लागलं. फारच हलकं होतं ते. मी विचारलं, “अंगणवाडीतून काही मिळतं का?”

“न्हाई. बाई म्हणल्या, तुझं नाव लिहिलं तर वय लिहावं लागंल. वय लिहिलं तर चौकशी येईल. म्हणून माझं बी न्हाई लिहिलं आन् याचं बी न्हाई.”

“तुझं गाव इथून किती लांब?”

“काळीपिवळी जीपनं अर्धा तास.”

जालन्याची एसटी फलाटाला लागली होती. कंडक्टर ओरडत होता, आणि कॉलेजात त्या दिवशी चाचणी होती. मी तिचं लेकरू माझ्या कडेवर घेतलं आणि म्हटलं, “चल. तुमच्या अंगणवाडीच्या बाईंचं घर दाखव मला.”